फक्त दोन राहिले, काका

जिममधल्या सरांना नाव असतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. बाकी साऱ्या कोथरूडसाठी ते 'सर'. बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर त्यांना सर म्हणतात आणि सर त्यांना 'काका' म्हणत दमात घेतात. वय 28. टी-शर्ट एका मापाने लहान, कारण मापाचा घातला तर धंद्याची पाटीच झाकली जाईल. दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब ठेवून चालतात. हे दुखण्यामुळे की दंडामुळे, असं विचारायची अजून कोणाची छाती झालेली नाही.

सर मूळचे कराडकडचे. ऑलिंपिकवीर पैलवान खाशाबा जाधवांचं गोळेश्वर त्यांच्या गावापासून सायकलीच्या टप्प्यात. त्यामुळे गावच्या तालमीत मारुतीरायाशेजारी खाशाबांचा फोटो आणि दोघांनाही सारखाच हार. वडिलांनी लहानपणीच सरांना तिथे नेऊन वस्तादांच्या पायावर घातलं. वस्तादांची शिक्षणपद्धती सोपी होती: जोर मारायचे, बैठका काढायच्या आणि 'कशासाठी?' असं विचारलं तर आणखी बैठका काढायच्या. सरांचं अंग भरलं, पण कुस्तीत जीव रमेना. समोरच्याने कान मुरगाळून कायमचा चपटा करावा, ही कल्पना त्यांना मानवत नव्हती. त्यातच गावात जिम निघाली. तालमीत तांबडी माती होती, जिममध्ये चारी भिंतींना आरसे होते. सरांनी पक्ष बदलला. वस्ताद त्यावर दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत, पण जिममध्ये चोरून डोकावून मात्र गेले.

पुढची पायरी म्हणजे शरीरसौष्ठव स्पर्धेतला 'श्री'. महाराष्ट्रात गल्लीपासून राज्यापर्यंत प्रत्येक पातळीचा एक श्री असतो. त्या पदासाठी तरुण मुलं चार-चार महिने अळणी कोंबडी खातात आणि शेवटच्या दिवशी पाणीसुद्धा मोजून पितात. सर जिल्ह्याला तिसरे आले. एसटी स्टँडसमोर त्यांचा फ्लेक्स लागला. अंगाला रंग, रंगावर तेल, आणि कपडा नियमात बसेल तेवढाच. आईने पिशवी खाली ठेवून तो नीट पाहिला आणि विचारलं, "सत्काराला शाल तरी देतात ना रे?" बक्षिसाची रक्कम आणि तयारीतल्या कोंबड्यांचा खर्च, ही वजाबाकी वडिलांनी एकदाच केली आणि मुलाला पुण्याच्या गाडीत बसवलं.

पुण्यात ते आधी फ्लोअर ट्रेनर झाले. याचा अर्थ, लोकांनी जमिनीवर टाकलेली डंबेल्स उचलून जागेवर ठेवणे. सरांचे खांदे तिथेच घडले, असं माझं मत आहे. मग काही महिन्यांचा कोर्स झाला. गावाकडे ज्याला सरळ 'मांडी' म्हणत, तिच्या पुढच्या भागात चार वेगळे स्नायू निघाले आणि चौघांनाही लॅटिन नावं होती. सरांनी ती सगळी पाठ केली. आजही एखाद्या सदस्याने 'इथे दुखतंय' म्हणून बोट ठेवलं की सर आधी नाव सांगतात, मग उपाय. नाव ऐकूनच निम्मं दुखणं कमी होतं.

पोट मात्र फ्लोअरच्या पगारावर भरत नाही. खरी कमाई पीटीची, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगची, आणि त्यातही जिमचा वाटा वेगळा. म्हणून नवा माणूस आत शिरला की सर त्याला आधी त्या वजनकाट्यासारख्या यंत्रावर अनवाणी उभं करतात. यंत्र अंगातून सौम्य वीज सोडतं, अंगाने ती किती अडवली ते मोजतं आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधून एक चिठ्ठी देतं. चिठ्ठीवर शरीराचं वय असतं. चाळिशीचा माणूस चिठ्ठीवर पंचावन्नचा निघाला की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो आणि सरांचा आवाज मऊ. पोटात जेवण असलं, अंगात पाणी कमी-जास्त झालं, तरी हा आकडा हलतो, हे सरांना पक्कं ठाऊक आहे. पहिली मोजणी ते संध्याकाळी मिसळ खाऊन आलेल्या माणसाची करतात, शेवटची सकाळी उपाशीपोटी. याला फसवणूक म्हणणं मला जड जातं. पुण्यात याहून कमी प्रगती दाखवून लोकांनी कितीतरी महाग क्लास चालवले आहेत.

फीवरून कोणी कुरकुरलं तर सर खाशाबांना बाहेर काढतात. "काका, 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये दिले. खाशाबांनी देशाला ब्राँझ आणलं. आणि तुम्ही तीन महिन्यांच्या पॅकेजला 'घरी विचारून सांगतो' म्हणता!" काकांना आपण नेमके खाशाबा आहोत की खर्डेकर, हे कळत नाही. ते पैसे भरतात.

यानंतर सुरू होतं खरं काम, आणि ते वजन उचलण्याचं नसून उलटतपासणीचं आहे. 'काल काय खाल्लं?' या प्रश्नाला कोथरूडमध्ये कोणीही खरं उत्तर देत नाही. "तसं काही नाही, सर, साधंच." साधंच म्हणजे काय, हे सर इतक्या वर्षांत शिकले आहेत. चतुर्थीला 'उपास होता' म्हणजे साबुदाण्याच्या दोन ताटल्या. "मॅडम, साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नसतंच. एका अंड्यात 6 ग्रॅम असतं." "पण सर, उपासाला अंडं?" इथे सरांचं शास्त्र थांबतं. मॅडमसाठी त्यांनी शेवटी दाणे, ताक आणि राजगिरा यांवर तह केला आहे. आंब्याच्या दिवसांत तर तेही नरमतात. आमरसाच्या वाटीचे कार्ब्ज ते हिशोबात धरत नाहीत, कारण धरले तर मे महिन्यात एकही सदस्य उरणार नाही. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाच्या सुनेशी बोलणं बंद आहे, कोणी ऑफिसात राजीनामा लिहून खिशात ठेवलाय, हे सरांना घरच्यांच्या आधी कळतं. प्लँक करताना माणूस खोटं बोलू शकत नाही.

मोजणी हा सरांचा दुसरा गुण. "आठ, नऊ, कंबर सरळ, नऊ, खाली बघू नका, नऊ, फक्त दोन राहिले, काका." गणितात ही पद्धत बसत नाही, व्यायामात बसते. सर सांगतात की स्नायू शेवटच्या दोन-तीन रेप्सना जागा होतो, आधीचे सगळे तिथपर्यंत पोचायचं भाडं. आणि दर काही आठवड्यांनी ते बारच्या दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलोची प्लेट गुपचूप वाढवतात. काकांना पत्ता लागत नाही. लागला की ते आठवडाभर तेच सांगत फिरतात.

एक मात्र खरं. जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही म्हणून पूजेला खुर्ची लागणाऱ्या एका काकूंना सरांनी कुठलंही लॅटिन न वापरता शिकवलं. आधी उंच स्टुलावर बसून उठा, मग खुर्चीवर, मग त्याहून बुटक्या पाटावर. हातात दोन जड केटलबेल देऊन हॉलभर चालवलं आणि म्हणाले, "मंडईतून पिशव्या आणताय असं समजा." गौरींच्या वेळी काकू खाली बसल्या आणि आधार न घेता उठल्या. त्या दिवशी सरांच्या डब्यात पुरणपोळी गेली, आणि ती त्यांनी खाल्ली.

मार्च 2020 मध्ये जिम बंद झाल्या आणि सर गावी गेले. तिथून मोबाइलवर शिकवत. मॅडमचा कॅमेरा बंद, आवाज चालू. "करतेय, सर, करतेय," आणि मागे फोडणी तडतडायची. सर विचारायचे, "कितवा सेट?" उत्तर यायचं, "मोहरीचा." राज्यातल्या जिम 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या, तेव्हा सर गावी पोत्यांच्या थप्प्या लावून असे परतले की ओळखू येईनात. आता तर त्यांना स्वतःच्या व्यायामाला वेळच नसतो. पहाटे साडेपाचपासून काका, रात्री दहापर्यंत आयटीवाले. दुपारी ते स्ट्रेचिंगच्या चटईवर झोपतात.

हल्ली लग्नाचं बघणं चालू आहे. परवा मुलीच्या वडिलांनी विचारलं, "ट्रेनर म्हणजे कुठल्या कंपनीत?" सरांनी समजावलं. "कायम आहे का?" सरांनी प्रामाणिकपणे मान हलवली. कांदेपोहे निवत चालले. पाणी आणायला म्हणून वडील उठले आणि गुडघा कट् वाजला. सरांनी बशी बाजूला ठेवली. पाच मिनिटांत वडील हॉलमधल्या खुर्चीवर बसून उठत होते, हात समोर, नजर सरळ, आणि आतल्या दारात मुलगी, तिची आई आणि मावशी मोजत होत्या. नकार दोन दिवसांनी आला. त्याच फोनवर वडिलांनी विचारून घेतलं की हे उपाशीपोटी करायचं की चहा घेऊन.