ग्रॅमोपंत

इंग्लंडात घराचे हप्ते आटोक्यात आले आणि मुलं विद्यापीठात गेली की मराठी माणूस दोनपैकी एक वाट धरतो. एक तर तो मंडळाच्या गणेशोत्सवात नाटक बसवायला लागतो, नाहीतर त्याला ट्रॅक-डेचा नाद लागतो. पहिल्या जमातीवर पुष्कळ लिहून झालं आहे, त्यातलं बरंचसं त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. दुसरी मात्र उपेक्षित राहिली. मिल्टन कीन्सपासून नॉर्थॅम्प्टनपर्यंत कुठल्याही सत्यनारायणाला जा. प्रसादाचा द्रोण हातात धरून कोपऱ्यात कुणाला तरी गाडीचं वजन समजावून सांगणारा एक गृहस्थ दिसतोच. नावं वेगवेगळी असतील, मी सगळ्यांना ग्रॅमोपंत म्हणतो. इथे लिहितोय तो माझ्या शेजारचा अस्सल नमुना.

ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, जबाबदारी आपली असल्याच्या कागदावर सही करायची, हेल्मेट चढवायचं आणि आपलीच गाडी खऱ्याखुऱ्या शर्यतीच्या रस्त्यावर दिवसभर पिदडायची. या देशात सर्किटं पैशाला पासरी. दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेले विमानतळ युद्ध संपल्यावर ओस पडले आणि त्यांच्या धावपट्ट्यांवर नाहीतर कडेच्या रस्त्यांवर लोक गाड्या पळवायला लागले. सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन, थ्रक्स्टन, कासल कूम ही सगळी त्यातलीच. शर्यत नसल्यामुळे फेरीची वेळ मोजायला मनाई असते. पंतांना हा नियम फार आवडतो. मोजायचंच नाही म्हटल्यावर बोलायला रान मोकळं.

पंतांना वजनाचं शिक्षण मिळालं ते विमान कंपन्यांकडून. परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात बॅग लटकवून तोलायचा एक हुकाचा काटा असतो. पंतांनी उमेदीची वर्षं पुण्याच्या घरात, रात्री अकरा वाजता, हा काटा छातीपर्यंत उचलून धरत काढली. आकडा तेवीस किलो चारशे. मग मेतकूट इकडून तिकडे, लाडवांचा डबा हातातल्या बॅगेत, दिवाळी अंक जॅकेटच्या आत, आणि ‘बिडाचा तवा पोटाशी बांधला तर सिक्युरिटीवाले काय म्हणतील?’ अशी चर्चा. अशी वीस वर्षं काढलेल्या माणसाची एक श्रद्धा होऊन बसते: जगातल्या कुठल्याही वस्तूतून चारशे ग्रॅम काढता येतात. मग त्याला कुणीतरी कॉलिन चॅपमनबद्दल सांगतं, आणि संसारातून एक माणूस उठतो.

चॅपमन हा लोटस या मोटार कंपनीचा संस्थापक. त्याचं म्हणणं साधं होतं: ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळते, वजन उतरवलं तर ती सगळीकडेच पळते. हे खरंच आहे, पंतांची बाजू इथे भक्कम आहे. हलकी गाडी लवकर सुटते, वळणावर टायरांना कमी छळते आणि ब्रेक दाबला की पटकन थांबते. शंभर अश्वशक्तीचं इंजिन पाचशे किलोंच्या गाडीत बसवलं, तर टनामागचा हिशेब तीनशे अश्वशक्तीच्या दीड टनी धुडाइतकाच येतो; आणि त्या धुडाचे टायर, ब्रेक, पेट्रोल यांचं बिल कोण भरणार? चॅपमनची १९५७ ची लोटस सेव्हन सुट्या भागांतही मिळायची, कारण पूर्ण गाडीवरचा खरेदी कर सुट्या भागांवर नव्हता. जोडायची पुस्तिका दिली तर करमाफी जाईल म्हणून गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकांनी ती शेवटाकडून वाचली, अशी आख्यायिका आहे. वजनही वाचवलं आणि करही वाचवला! ही गोष्ट सांगताना पंतांचा आवाज कीर्तनकारासारखा घोगरा होतो.

गाडी निवडण्यासाठी पंतांनी एक एक्सेल केलं आहे. त्यात गाड्यांच्या ओळी आहेत आणि रकाने इतके, की उजवीकडे सरकत गेलं तर कार्डिफ यावं. कोरडं वजन, पेट्रोल भरून वजन, पंत बसून वजन, पंत जेवून बसून वजन. प्रत्येक गाडीपुढे शेवटी ‘पण’ नावाचा रकाना आहे आणि तो एकदाही रिकामा राहिलेला नाही.

सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅमकडे गेले आणि ती गाडी आजही बनते. त्यातली सगळ्यात हलकी, ‘१७०’ नावाची, फक्त चारशे चाळीस किलोंची. तिच्यात सुझुकीचं सहाशे साठ सीसीचं इंजिन. पण: पाऊस. एरियल अ‍ॅटमला दारं नाहीत, छप्पर नाही, नुसत्या नळ्यांचा सांगाडा बाहेरूनच दिसतो. तिचा फोटो सासूबाईंना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाल्या, “परांची काढली की छान दिसेल हो.” अ‍ॅटम त्या दिवशी बाद झाली. लोटस एलीसबद्दल मात्र सासूबाई अनुकूल आहेत. कंपनीच्या त्या वेळच्या प्रमुखाने गाडीला नातीचं नाव दिलं, एवढं त्यांना पुरलं.

एलीस ही पंतांची खरी दुखरी नस. १९९६ ला बाजारात आली, २०२१ ला बंद झाली. अ‍ॅल्युमिनियमचे दांडे चक्क गोंदाने चिकटवून केलेली तिची चेसिस अडुसष्ट किलोंची, अख्खी गाडी सव्वासातशेच्या घरात. म्हणजे आपल्या मारुती ८०० हून थोडीशीच जड. पण पहिल्या गाड्यांतलं रोव्हरचं इंजिन हेड गॅस्केट उडवण्यात नाव काढून होतं. पुढे टोयोटाचं आलं, ते दगडासारखं टिकाऊ. पण वजन वाढलं. पंत या दोन ‘पण’च्या मध्ये कित्येक हिवाळे उभे आहेत.

एकदा ते एलीस बघायला नॉरफोकला गेले, मी सोबतीला होतो. विकणारा निवृत्त इंग्रज गृहस्थ शेडमध्ये चहा घेऊन उभा. चेसिस ताठ राहावी म्हणून या गाडीचा उंबरठा चांगला वीतभर रुंद आणि मांडीला लागेल इतका उंच, त्यात छप्पर लावलेलं. पंतांनी आधी डावा पाय घातला, मग तो काढून उजवा घातला, मग डोकं घातलं आणि लक्षात आलं की कंबर अजून नॉरफोकमध्येच आहे. शेवटी ते पाठीमागून आत पडले. आतून समाधानाचा एक हुंकार आला. बाहेर येताना मात्र दोन्ही तळवे जमिनीवर, मग गुडघा, मग दुसरा गुडघा, आणि त्या इंग्रजाच्या पायाशी साष्टांग. तो बिचारा संकोचून दोन पावलं मागे सरला. पंत तसेच पडल्या पडल्या गाडीच्या पोटाखाली बघून म्हणाले, “खालचा पत्रा ओरिजिनल दिसतोय.” मग खिशातून हुकाचा काटा निघाला आणि पायपुसण्या तोलून झाल्या. गाडी घेतली नाही. पायपुसण्या जड निघाल्या.

या सगळ्याला एक उत्तर आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे: माझदा एमएक्स-५. १९८९ पासून बनते, दहा लाखांच्या वर खपली, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, पहिली पिढी टनाच्या आत, सुटे भाग कुठेही मिळतात. ज्याला खरोखर सर्किटवर जायचंय त्याने जुनी एमएक्स-५ घ्यावी, उंबरठ्याखालचा गंज तेवढा बघून घ्यावा, चांगले ब्रेक पॅड आणि टायर घालावेत. विषय संपला. आणि विषय संपतो हाच तिचा दोष. इतक्या वर्षांच्या अभ्यासानंतर, जे उत्तर कुठलाही मेकॅनिक चहा ढवळता ढवळता देतो तेच आपण द्यायचं? पीएचडीच्या तोंडी परीक्षेत कुणी बे एके बे म्हणेल का? पंतांच्या एक्सेलमध्ये एमएक्स-५ पुढच्या ‘पण’मध्ये लिहिलंय, “सगळ्यांकडे असते.”

गाडी ठरेपर्यंत सराव हवा म्हणून पंत एकदा घरची डिझेल स्कोडा इस्टेट घेऊन स्नेटरटनला गेले. आदल्या रात्री मागची सीट, जादा चाक, मुलांच्या लहानपणापासून सीटखाली वसलेली बिस्किटं, पार्किंगसाठी साठवलेली चिल्लर, सगळं उतरवून काट्यावर चढवलं. डॅशबोर्डवरचा गणपतीही तोलला. एकशे ऐंशी ग्रॅम. पंत क्षणभर थांबले आणि म्हणाले, “हे राहू दे.” सकाळी तपासणीवाल्याने गाडीतली सुटी वस्तू काढा म्हणून गणपतीकडे बोट दाखवलं. पंतांनी ओढून दाखवला. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने तो असा धरला होता की डॅशबोर्ड निघाला असता. मग आवाजाची चाचणी. इंजिन चढवून धरायचं आणि एक्झॉस्टशी मीटर लावायचा. शेजारच्या केटरहॅमने कान बसवले. स्कोडापाशी मीटरवाला वाकला आणि त्याने अदबीने विचारलं, “चालू करताय ना?”

ट्रॅक-डेला पुढच्याने वाट दिल्याशिवाय मागच्याने ओलांडायचं नसतं. पंत दिवसभर इंडिकेटर देत होते. त्यांना ओलांडून गेलेल्यांत एका लाल एमएक्स-५ मधली पांढऱ्या केसांची बाई होती. दर वेळी हात वर करून आभार मानायची, आणि ती इतक्या वेळा आली की शेवटी दोघांची ओळखच झाली. शेवटच्या खेपेला चौथ्या की पाचव्या फेरीनंतर ब्रेकचं पेडल मऊ पडलं. पंत पिटमध्ये आले तेव्हा पुढच्या चाकांतून धूर निघत होता आणि करपल्याचा उग्र वास सुटला होता. दुसरा कुणी असता तर हवालदिल झाला असता. पंत उतरले, तापलेल्या चाकाजवळ उकिडवे बसले आणि आनंदाने ओरडले, “बघा! चौदाशे किलो! सगळी ऊर्जा उष्णता होऊन चाललीय! मी काय सांगत होतो?” वहिनी थर्मासमधला चहा ओतत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “यांनी घरी बॉयलर बिघडला तेव्हा असं काही करून दाखवलं असतं तर.”

अलीकडे प्रकरण पुढे गेलंय. गाडी ठरत नाही म्हणून वेळ वाया कशाला घालवा, असा विचार करून पंतांनी वजन उतरवायला सुरुवात केली आहे. देवघराच्या खालच्या कप्प्यात लिथियमची बॅटरी आहे. नेहमीच्या बॅटरीपेक्षा आठ किलोंनी हलकी. दिवाणखान्यात कार्बनची सीट आहे, सहा किलो वाचले. तिच्यात सासरे एकदा पेपर वाचायला बसले आणि त्यांना उठवायला दोघं लागली. टायटॅनियमचे व्हील नट साखरेच्या जुन्या बरणीत आहेत. त्यात अर्धा किलो. ते कुठल्या गाडीला बसतील हे गाडी ठरल्यावर कळेल. एक्सेलमध्ये यासाठी नवी ओळ आली आहे. गाडीचं नाव: कोरं. वजन: उणे साडेचौदा किलो. जगातली सगळ्यात हलकी स्पोर्ट्स कार आज आमच्या गल्लीत आहे, आणि ‘पण’चा रकाना पहिल्यांदाच रिकामा आहे.

परवा रात्री पंतांचा फोन आला. लिंकनशरमध्ये एक एलीस निघाली आहे, एकाच मालकाची, गॅस्केट बदललेली. शनिवारी बघायला जायचं.

“येताय ना?”

“येतो की.”

“नाही, चालवून बघायचं म्हणजे... तुमचं वजन किती हो?”

मी सांगितलं. पलीकडे कीबोर्डचा आवाज झाला, मग पंत म्हणाले, “तुम्ही असं करा, ट्रेनने या.”