रांग सोडून सगळं हिरवं

नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या मधलं पिंपळवंडी हे दळणवळणाच्या बाबतीत भाग्यवान गाव आहे. याच जुन्नर तालुक्यात आर्वीला 1971 मध्ये देशाचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. खोडदला 45 मीटर व्यासाच्या अँटेनांची दुर्बीण आहे. अशा एकूण 30 अँटेनांनी 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा क्षीण संदेश टिपल्याचं जानेवारी 2023 मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षीच्या जुलैत पीक विम्याच्या अर्जासाठी सेवा केंद्रात बसलेल्या शेतकऱ्याला मिळणारा संदेश मात्र एकच होता : "तात्या, गोल फिरतंय."

यावरून कुणी समजेल की अर्ज घेणाऱ्या सर्व्हरवर लक्ष ठेवायला कुणी नसतं. तसं नाही. थंडगार खोलीत मोठा पडदा लावून माणसं बसलेली असतात. प्रोसेसरवर भार किती, मेमरी किती भरली, डिस्क किती दमली, सगळं तिथं दिसतं आणि बहुतेक वेळा हिरवं दिसतं. कारण तिथं एक यंत्र दुसऱ्याला विचारतं, "आहेस का?" दुसरं म्हणतं, "आहे." काम करतोयस का, हे विचारण्याची पद्धत नाही. सरकारी कचेरीत खुर्चीवर कोट टांगून चहाला जाण्याची कला यंत्रालाही साधली, एवढाच याचा अर्थ.

ठेकेदाराच्या करारात लिहिलेलं असतं, यंत्रणा 99 टक्के वेळ चालू राहील. वाचायला भारदस्त वाटतं. वर्षाचे 8,760 तास धरा. एक टक्का म्हणजे 87 तास 36 मिनिटं. पण वर्षात रात्रीही मोजल्या जातात आणि पहाटे तीन वाजता सर्व्हर ठणठणीत असतो. ते सगळे तास कामाच्या वेळेत बंद पडले, तर आठ तासांच्या हिशोबानं जवळजवळ अकरा दिवस कामकाज ठप्प, आणि करार तरीही पाळलेला! ते अकरा दिवस कोणते असावेत, हे सुज्ञ वाचकास सांगणे न लगे. अर्जाच्या शेवटच्या तारखेला लागून असलेले.

मग येते सरासरी. शंभर अर्जदारांपैकी नव्वदांचं पान दोन सेकंदांत उघडलं, दहांना दहा-दहा मिनिटं लागली. अहवालात सरासरी येते साधारण एक मिनिट. साहेब खूश. वास्तविक एक मिनिट थांबलेला माणूस त्या शंभरांत एकही नाही. म्हणून जाणकार सांगतात, सरासरी सोडा, वेळेच्या चढत्या क्रमानं लावलेल्या शंभरांतल्या पंच्याण्णवाव्याला विचारा. पण तो पंच्याण्णवावा अजून बाकावर बसलाय, अहवालापर्यंत पोचायचा कसा?

धोक्याची घंटाही असते. मात्र ती भार जरा चढला की वाजते, दिवसातून पन्नासदा वाजते. रात्रभर उगाच भुंकणारं कुत्रं बिबट्या आल्यावरही कुणाला उठवत नाही, हे आमच्या उसाच्या पट्ट्यात पोरंही जाणतात.

आणखी एक युक्ती या धंद्यात आहे. एक खोटा अर्जदार बनवतात. तो ठरावीक वेळानं आपोआप अर्ज भरून पाहतो आणि अडखळलं की कळवतो. कल्पना उत्तम. मात्र एक रुपयात मिळणाऱ्या पीक विम्याच्या योजनेत खोट्या अर्जदारांनी ही चाचणी न सांगताच करून टाकली. बोगस अर्ज लाखांनी सापडले आणि 2025 च्या खरिपापासून ती योजनाच गुंडाळली गेली. खोट्याचं काम अडत नाही, हे सिद्ध झालं. खऱ्याची चाचणी बाकी आहे.

अडखळणाऱ्या सर्व्हरवर महाराष्ट्रानं शोधलेला उपाय जगात कुठल्या पाठ्यपुस्तकात नसेल. भार वाढला तर लोक सर्व्हर वाढवतात. आपण तारीख वाढवतो. 2023 च्या खरिपात विम्याची मुदत 31 जुलैला संपायची होती, ती 3 ऑगस्टपर्यंत गेली. ना यंत्र घ्यावं लागतं, ना तंत्रज्ञ. एक परिपत्रक पुरतं. वर, "शेतकऱ्यांना दिलासा" असा मथळाही मिळतो. दिलासा खरा सर्व्हरला असतो.

तेव्हा पिंपळवंडीतर्फे एक नम्र सूचना. मोजमाप थंड खोलीतून उचलून सेवा केंद्राच्या टेबलावर आणावं. अंगठा टेकल्यापासून पावती हातात पडेपर्यंतचा वेळ, तोही गर्दीच्या दिवसांतला, तेवढाच मोजावा. आणि मुदत जितके दिवस वाढेल, तितक्या दिवसांचं बिल ठेकेदाराचं कापावं. पडदा एका रात्रीत लालभडक होईल. पण निदान तो लाल का झाला हे बघायला कुणीतरी खुर्चीतून उठेल.

सूचनेवर हरकती जरूर मागवाव्यात. मुदत पंधरा दिवसांची ठेवावी. वाढवावी तर लागणारच आहे.