चाळीस वॅटचे काका

डोंबिवलीत दर गल्लीत एक गाणं शिकलेला, एक नाटकात काम केलेला आणि एक हॅम रेडिओचा परवाना काढलेला माणूस असतो. पहिले दोघे फडके रोडवर भेटतात. तिसरा गच्चीवर.

आमचे काका तिसऱ्यांतले. नोकरीतून निवृत्त झाले, ड्यूटी चालूच आहे. ठाण्यात एका उंच इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला खेटून, हौशी मंडळींचा जुना रिपीटर आहे. काका त्याचे पालक. रिपीटरनं एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं आणि तेच, त्याच क्षणी, ६०० किलोहर्ट्झ सरकून मोठ्यांदा सांगायचं. कल्याणकराच्या हातातला ५ वॅटचा सेट मुलुंडपलीकडं ऐकू जातो तो त्याच्या जिवावर. चाळीत हे काम करणारं कुणी ना कुणी असायचंच, फक्त त्याला दिल्लीहून परवाना लागत नसे.

या रिपीटरचा पॉवर ॲम्प्लिफायर पावसाळ्यात हमखास बसतो. एक कारण पाणी. जोडावरची टेप सुटते, केबलमध्ये पाणी शिरतं, अँटेनाकडं निघालेली पॉवर अर्ध्या वाटेतून माघारी येते आणि फायनल ट्रान्झिस्टर तापून मरतो. दुसरं कारण माणसं, आणि काकांच्या मते ते जास्त गंभीर. हा ॲम्प्लिफायर मूळचा गाडीतल्या सेटचा. थोडं बोला, मग बराच वेळ गप्प बसा, अशा स्वभावाच्या माणसासाठी बनवलेला. आमच्यात तसा एकही नाही. दहा जण आळीपाळीनं बोलतात. ॲम्प्लिफायर दहाही जणांचं एकटाच बोलतो. मागचा फायनल एका ठाणेकरानं अळूवडीची कृती सांगताना गेला, असं काका त्याच्यासमोरच सांगतात. आता ३ मिनिटांचा टाइमर लावलाय. मंडळी पावणेतीन मिनिटांनी श्वास घेतात.

मग दुरुस्ती. ॲम्प्लिफायर गच्चीवरून उतरवायचा आणि लोकलनं घरी आणायचा. ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळा, लोंबणाऱ्या लाल-काळ्या तारा आणि पिशवी साड्यांच्या दुकानाची. ठाणे स्टेशनात एका हवालदारानं ती उघडायला लावली. "हे काय आहे?" काका निरागसपणे म्हणाले, "काही नाही हो, फायनल उडालाय." पुढं काय काय झालं ते काका सांगत नाहीत. काकूंना फोन करून ओळख पटवावी लागली, एवढं आम्हाला काकूंकडून कळलं.

घरी जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला जातो. त्यावर १३.८ व्होल्टचा सप्लाय, ५० ओहमचा डमी लोड, वॅटमीटर आणि एका कोपऱ्यात काकूंची निवडायची मेथी. फुगलेला कपॅसिटर आता काकांच्या आधी काकूंनाच दिसतो. जुन्या ट्रान्झिस्टरखालच्या पांढऱ्या चकतीला मात्र काका कुणाला हात लावू देत नाहीत. ती बेरिलियम ऑक्साइडची. फुटली तर भुकटी फुप्फुसांना घातक. नातवाला हे इतक्यांदा ऐकवलंय की तो बत्तासाही खात नाही.

ट्रान्झिस्टर लॅमिंग्टन रोडला मिळतो. म्हणजे त्या नंबरचा मिळतो. जुना नंबर घासून नवा छापलेला माल काका नखानं ओळखतात, आणि तरी घेऊन येतात. "बघू तरी, किती मिनिटं टिकतो!"

मोबाइल असताना हे कशाला, असं कुणी विचारलं की काका एक तारीख सांगतात: २६ जुलै २००५. सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकल जागच्या जागी उभ्या, फोन मुके. यापुढं विचारणाऱ्याची बोलती बंद होते. माझीही होते. पण एरवी रिपीटरवर काय बोलतात? रिपीटर कसा चाललाय, हे. आणि तो बंद पडल्याची बातमी येते व्हॉट्सॲपवर.

यंदा काकांनी २० वॅटवर घसरलेला ॲम्प्लिफायर ४० वर आणला. दुप्पट पॉवर म्हणजे ३ डेसिबल. ऐकणाऱ्याच्या मीटरची सुई जेमतेम अर्धं घर सरकते. हे आम्हाला काकांनीच शिकवलंय. तरी रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून माइकसमोर बसले.

"कल्याण, रिपोर्ट द्या."

"फाइव्ह नाइन, काका."

"आणि आधी किती होता?"

"आधीपण फाइव्ह नाइनच."

काकांनी माइक खाली ठेवला. काकूंनी न विचारता चहा पुढं केला.

"फक्त," कल्याणकर म्हणाला, "मागं बारीकसा हम येतोय."

काका ताठ झाले. "येतोय ना? नक्की? कुणी बोलू नका आता, मी निघालोच." चहा तसाच टाकून ते पिशवी शोधायला लागले.

"दुसरी पिशवी न्या हो," काकू आतून म्हणाल्या, "आणि कुणी विचारलंच, तर बिघडलाय म्हणा."