रीडिंगवाले

बदलापूरहून अंबरनाथला नोकरीला जाणाऱ्याने सकाळच्या लोकलमध्ये दार सोडायचं नसतं. आत ढकलला गेला, की एका स्टेशनावर उतरायचं राहतं आणि थेट कल्याण दिसतं. अशाच एका सकाळी माझं कोपर एका गृहस्थांच्या बरगडीत आणि त्यांच्या डब्याची पिशवी माझ्या पोटात होती. दिलगिरी व्यक्त करावी म्हणून मी म्हणालो, "काय करणार, फार प्रेशर आहे आज."

गृहस्थ म्हणाले, "किती?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण चेहऱ्यावर निखळ जिज्ञासा होती. मी म्हणालो, "भरपूर." त्यांनी मान दाराकडे वळवली. ज्याचं उत्तर 'भरपूर' आहे त्याच्याशी पुढे काय बोलायचं, असं त्या वळलेल्या मानेवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

नंतर कळलं, हे आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये राहतात. सोसायटी त्यांना रीडिंगवाले म्हणते. आणि आणखी काही वर्षांनी कळलं, की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात सोसायटीगणिक असा एक असतोच. नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, घराचा हप्ता बदलापुरात आणि जीव उल्हासनगरच्या बाजारात, अशी त्याची तीन गावांत वाटणी झालेली असते. वय पंचेचाळिशीच्या आसपास. खिशाला पेन नसेल, पण टेस्टर असतो. मोबाइलमध्ये पोरांच्या फोटोंपेक्षा मल्टिमीटरच्या पडद्याचे फोटो जास्त. सोसायटीच्या सभेत "पाणी कमी येतं" अशी तक्रार आली, की हा उठून विचारतो, "कमी म्हणजे किती इंच?" आणि सभा तिथेच संपते, कारण टाकीत पट्टी घालून कोणी पाहिलेलंच नसतं.

शिवाय पार्किंगमध्ये त्याची एक जुनी गाडी असते. तिची चाकं महिनोन्‌महिने हलत नाहीत. बॉनेट मात्र दर रविवारी उघडतं.

आमच्या रीडिंगवाल्यांची आहे १३०० सीसीची एस्टीम. पूर्वीच्या फौजा इथे थकलेले घोडे बदलून पुढे जात म्हणून गावाचं नाव बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. रीडिंगवाल्यांनी ती परंपरा चालू ठेवून एस्टीमचे घोडे बदलायला काढले. कंपनीचा मूळचा कॉम्प्युटर, म्हणजे कोणत्या क्षणी किती पेट्रोल आणि केव्हा ठिणगी हे ठरवणारा ईसीयू, त्यांनी काढून ठेवला आणि त्याच्या जागी स्पीडुइनो बसवला. हा अर्दुइनो मेगा २५६० नावाच्या तळहाताएवढ्या बोर्डावर चालतो. त्याची जुळणी, त्याचा प्रोग्रॅम, सगळं जगाला खुलं. बाजारातल्या ईसीयूला जे सांगता येत नाही ते याला सांगता येतं, आणि ऐकून घेणारं कोणीतरी मिळालं की माणूस किती बोलतो ते आपण जाणतोच.

"घोडे किती वाढले?" मी विचारलं.

"अजून मोजले नाहीत," ते म्हणाले. "आधी तेल."

तेलाचं प्रकरण मला त्याच दिवशी समजलं. आपल्या सगळ्यांच्या गाडीत तेलाची बातमी देणारा एक लाल दिवा असतो. त्यावर अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखी झारी काढलेली असते. हा दिवा काही मोजत नाही. त्याच्या मागे नुसता स्प्रिंगचा स्विच. चालत्या इंजिनात तेलाचा दाब अर्ध्या बारच्याही खाली आला, की तो पेटतो. तोवर बेअरिंगं कोरडी घासायला लागलेली असतात. "हा दिवा म्हणजे मयताची तार," रीडिंगवाले म्हणाले. "मला आजारपणाचं पत्र हवंय."

हे पत्र लिहिणारा सेन्सर त्यांनी मिळवला. बॉशचा, दहा बारपर्यंत दाब मोजणारा, आणि त्याच्याच पोटात तेलाचं तापमान मोजणारा. दोन्ही एकत्र कशाला? थंड तेल काकवीसारखं असतं, दाब चढाच दिसणार. तापलं की ते पातळ होतं आणि तोच दाब उतरतो. तेव्हा नुसता दाब सांगणं म्हणजे 'दोन खोल्यांचा फ्लॅट आहे' असं सांगून तो दादरला की बदलापूरला हे लपवून ठेवणं.

सेन्सर आला, पण त्याचा चार पिनांचा कनेक्टर आला नाही. मग स्वारी उल्हासनगरात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी बराकीत संसार थाटले, १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली, आणि पत्ते अजूनही कॅम्प एक ते पाच असेच सांगतात. ज्या बाजाराने शून्यातून दुकान मांडलं, त्याला चार पिनांचा कनेक्टर काय अवघड! दुकानदाराने खोक्यात हात घालून बघता बघता एक काढला.

"ओरिजिनल?" रीडिंगवाल्यांनी विचारलं.

"साईं, यूएसए," दुकानदार गंभीरपणे म्हणाला.

उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा त्या तीन अक्षरांचा अर्थ ठाणे जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण कनेक्टर खटकन बसला, आणि बसला की रीडिंगवाल्यांना देश विचारायची गरज उरत नाही.

पुढची अडचण आट्यांची. सेन्सरचे आटे सरळ, दहा मिलिमीटरचे; एस्टीमच्या इंजिनाला जपानी पद्धतीचे निमुळते, एक अष्टमांश इंचाचे. पत्रिका जुळेना. शेवटी अंबरनाथच्या एका लेथवाल्याने पितळेचा मध्यस्थ कातून दिला. "टेफ्लॉन टेप गुंडाळू का?" या त्याच्या प्रश्नावर रीडिंगवाले असे दचकले, की जणू त्याने वरणात साबण घालू का असं विचारलं होतं. टेपचा तुकडा सुटून तेलात गेला, तर बारीक वाटा बुजतात.

आता वायरिंग. गाडीखाली पडून चार वायरी ओढायला दुसरा हात हवा, म्हणून कॅम्प चारमधल्या एका उस्तादांच्या गाळ्यात गाडी गेली. मी बघ्या म्हणून सोबत. उस्तादांचा या पट्ट्यातल्या रिक्षा, टेम्पो आणि लग्नाच्या घोड्याच्या बग्गीवरची रोषणाई, सगळ्यांवर सारखाच हात. रीडिंगवाल्यांनी कागद पसरला. "उस्ताद, चार वायरी. पहिली अर्थ. दुसरी तापमान. तिसरी पाच व्होल्ट. चौथी दाब."

"तीन घ्या साहेब," उस्ताद म्हणाले. "अर्थ कशाला ओढता? अर्थ बॉडीला कुठेही मिळतो."

रीडिंगवाल्यांचा चेहरा पडला, पण उस्तादांच्या वयाचा मान राखून ते गप्प बसले. उस्तादांनी बॉडीचा एक बोल्ट घासला, थिंबल कसलं, डाग दिला, स्लीव्ह चढवली. इंजिन सुरू झालं. लॅपटॉपवर आकडे उमटले.

तेलाचं तापमान: उणे चाळीस.

मे महिन्याची दुपार होती. गाळ्याचा पत्रा तापून कडकड वाजत होता. उस्तादांचा पोऱ्या डोक्यावर ओला रुमाल टाकून बसला होता. रीडिंगवाले शांतपणे म्हणाले, "उणे चाळीसला सेल्सियस आणि फॅरनहाइट दोन्ही एकच असतात, त्यामुळे निदान एककाचा घोळ नाही." मग खाली वाकून त्यांनी दोन नंबरची पिन चिमटीत धरून आत दाबली. तापमानाची वायर तुटकी असली, की ईसीयूला पूर्ण पाच व्होल्ट दिसतात, आणि तो निरागसपणे आपण सैबेरियात आहोत असं समजतो. पिन बसली, उणे चाळीसचे अधिक एक्काहत्तर झाले. पोऱ्याने टाळी वाजवली.

खरी गंमत पुढे. उस्तादांनी हेडलाइट लावले. तेलाचा दाब वाढला. रेडिएटरचा पंखा फिरला. दाब आणखी वाढला.

"देखो साहेब!" उस्ताद हरखले. "लाइट लावला की इंजिनात जान येते!"

रीडिंगवाल्यांनी त्यांना स्टुलावर बसवलं. म्हणाले, "उस्ताद, हा सेन्सर शून्य दाबाला अर्धा व्होल्ट देतो आणि दहा बारला साडेचार. म्हणजे एका बारला ०.४ व्होल्ट. आता तुमच्या बॉडीतून हेडलाइटचा, पंख्याचा, सगळ्यांचा करंट घरी परत जातो. त्या वाटेवर ०.२ व्होल्टचा जरी फरक पडला, तरी सेन्सर म्हणतो, दाब जवळजवळ अर्ध्या बारने वाढला. तेल जिथल्या तिथे आहे. खोटं बोलतोय तो बोल्ट."

राहिलेली अर्थची वायर ओढली गेली. बॉडीवरून सुटून ईसीयूच्या स्वतःच्या सेन्सर-अर्थच्या पिनेवर गेली. हेडलाइट लावले, पंखा फिरला, दाब हलला नाही. उस्ताद बराच वेळ त्या न हलणाऱ्या आकड्याकडे बघत राहिले. अर्थाचा अनर्थ आम्ही शाळेत ऐकला होता, तो मोजून दाखवणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

एवढ्यावर भागलं असतं तर ते रीडिंगवाले कसले? आकडा आला, पण तो खरा कशावरून? दुसऱ्या दिवशी सेन्सर काढून घरी आणला आणि वहिनींच्या चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात त्याचं टोक बुडवलं. वीस अंशाला अडीच हजार ओहम दाखवणारा, त्याच्या पोटातला तापमानाचा मणी शंभर अंशाला १८७ ओहमवर आला पाहिजे. आला १९०. "तीन ओहमची चूक पातेल्याची," असा निकाल त्यांनी दिला. वहिनींनी त्या दिवसापासून ते पातेलं 'सेन्सरचं' म्हणून वेगळं ठेवलंय. उपासाचं, खरकट्याचं, तसं सेन्सरचं.

दाबाची परीक्षा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर झाली. स्वतःच्या गेजवरच्या तीन बारला १.७ व्होल्ट यायला हवे होते, ते आले. मग पंक्चरवाल्याच्या गेजची परीक्षा झाली. तो नापास झाला. आसपासच्या सगळ्या गाड्यांच्या टायरात किती वर्षं काय हवा जात होती, हे त्या दिवशी उघडकीला आलं, आणि रीडिंगवाल्यांना तिथे फुकट हवा मिळणं बंद झालं.

एवढं झाल्यावर एका रविवारी गाडी रस्त्यावर आली. "कुठे जाऊ या?" म्हटल्यावर ते म्हणाले, "अंबरनाथच्या शिवमंदिरात." मला त्यांच्या भक्तीचं नवल वाटलं. पण मंदिरात गेल्यावर त्यांनी नमस्कार केला तोही चटकन, आणि मग तिथल्या शिलालेखाबद्दल सांगायला लागले. शक ९८२, म्हणजे इ.स. १०६०. शिलाहार राजा मम्वाणीचा काळ. "राजा गेला, राज्य गेलं," ते म्हणाले. "कोणीतरी तारखेसकट नोंद करून ठेवली म्हणून आज आपल्याला कळतंय. याला लॉगिंग म्हणतात." बाजूने वालधुनी वाहत होती. तिच्या पाण्याचा त्या दिवशी काय रंग होता, हेही त्यांनी वहीत टिपलं.

परतीच्या वाटेवर एक गतिरोधक होता. रंग नाही, पाटी नाही, उंची माणसाच्या गुडघ्याएवढी. गाडीच्या पोटात काहीतरी खडकन वाजलं, तरी ती पुढे निघाली. दोन-तीनशे मीटरवर इंजिन आपसूक बंद पडलं. तोवर लाल दिवा पेटला नव्हता. मागे वळून बघितलं तर रस्त्यावर काळी रेघ आमच्यापर्यंत आलेली. चेंबर फुटलं होतं, तेल चाललं होतं.

मी घाबरलो. रीडिंगवाल्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. अडीच हजार फेऱ्यांना दाब दीड बारच्या खाली गेला की इंजिन बंद कर, असं त्यांनी ईसीयूला सांगून ठेवलेलं होतं. आलेखात रेघ ३.१ वरून पायऱ्या उतरत १.४ पर्यंत आली होती, आणि तिथे ईसीयूने सांगितल्याबरहुकूम ठिणगी काढून घेतली होती. तेलाचं तापमान ९४. बेअरिंगं शाबूत. दिवा पेटायची वाट बघितली असती, तर इंजिन भंगारात गेलं असतं.

मी टोइंगवाल्याला फोन लावेपर्यंत त्यांनी तो आलेख तीनदा पाहिला. लोक नातवाचा पहिला फोटो पाहतात तसा.

"फुटलेल्या चेंबरचा आनंद झालेला मी पहिला माणूस बघतोय," मी म्हणालो. "किती झालाय?"

त्यांनी वर बघितलं. मोजायला काही सापडलं नाही. "भरपूर," ते म्हणाले.

माझ्या गाडीत अजून तो झारीचा दिवाच आहे. त्या रात्री घरी आल्यावर मी चार वर्षांत पहिल्यांदा बॉनेट उघडून डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घातली आणि काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. दिवा पेटलेला नव्हता. तुमचीही एकदा बघून घ्या.