अद्वैताचं चालू खातं

भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांच्या हद्दीवर, अंभोऱ्याला, वैनगंगेला आणखी चार नद्या येऊन मिळतात. संगमाजवळ चैतन्येश्वराचं देऊळ आहे, आणि मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथंच सांगितला अशी या भागाची श्रद्धा आहे. शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, ही ग्रंथाची परंपरेनं मानलेली तारीख. ग्रंथातली अंबानगरी अंभोरा नव्हे, अंबाजोगाई, असं मराठवाडा ठणकावून सांगतो. म्हणजे पत्त्याच्या पुराव्याचा घोळ मराठी वाङ्मयाच्या पहिल्या पानापासूनच सुरू आहे.

ग्रंथाचा विषय अद्वैत. जीव आणि ब्रह्म एकच. दोन दिसतात ती माया. आठशे वर्षांनंतर हा विषय भंडारा जिल्ह्यात खऱ्या अर्थानं एकाच वर्गाला शिकावा लागतो: स्वतःच्या एकट्याच्या मालकीचं दुकान टाकणाऱ्याला. सरकारदरबारी त्याला प्रोप्रायटर म्हणतात.

कायद्याची भूमिका कट्टर अद्वैती आहे. प्रोप्रायटर आणि त्याची फर्म वेगळ्या नाहीत. १९९८ साली अशोक ट्रान्सपोर्ट एजन्सीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्टच केलं: अशी फर्म म्हणजे मालक ज्या नावानं धंदा करतो ते नाव, बाकी काही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतला तिसावा आदेश तर आणखी मजेदार आहे. त्याच्या दहाव्या नियमाप्रमाणे दुकानाच्या नावावर दावा ठोकता येतो. दुकानाला मात्र कोणावर दावा ठोकायचा असेल तर मालकानं स्वतःच्या नावानं पुढं यायचं. मार खाण्यापुरतं दुकानाला अस्तित्व आहे.

आता असं धरू, की मोहाडीकडचा एक होतकरू गडी पाच-पाच किलोच्या पिशव्यांत तांदूळ भरून भंडाऱ्यात विकायचं ठरवतो. पहिला प्रश्न नावाचा. घरात बैठक बसते. वडिलांना 'माँ चौंडेश्वरी' हवं असतं, कारण देवी मोहाडीचीच. आईला नातवाचं नाव हवं असतं. मेहुण्याचा आग्रह 'वैनगंगा'चा, पण वैनगंगेच्या नावावर या जिल्ह्यात इतक्या जणांनी हात धुतले आहेत की आणखी एकाची कोणाला खबरही लागणार नाही. शेवटी एक शिकलेला मित्र 'एंटरप्रायझेस' जोडायला सांगतो. हा शब्द फार गुणी. आज तांदूळ, उद्या सिमेंट, परवा झेरॉक्स. पाटी बदलावी लागत नाही.

तांदळाच्या नावाला तसं काही तर्कशास्त्र लागतच नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या धानाच्या बांधीतून वेगळी लोंबी निवडून निवडून जे वाण तयार केलं, ते बाजारात 'एचएमटी' म्हणून गेलं. त्या काळी एचएमटीचं मनगटी घड्याळ गाजत होतं, बस्स. २०१६ साली केंद्र सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. २०१८ साली दादाजी गेले. तांदूळ अजून चालतो, पिशवीवर घड्याळाचं नाव मिरवत. ज्यानं तो निवडला त्याचं नाव शोधूनही सापडत नाही.

नाव ठरवायला मुभा आहे, पण सगळीच नाही. १९५० चा एक कायदा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला बंदी करतो. त्याच्या परिशिष्टात 'गांधी', 'नेहरू' आणि 'शिवाजी' हे शब्द धंद्यासाठी केंद्राच्या परवानगीविना वर्ज्य आहेत. महाराष्ट्रात कुठल्याही बसस्थानकाबाहेर उभं राहून पाट्या वाचणाऱ्याला हा कायदा काल्पनिक वाटण्याची दाट शक्यता आहे. बँकिंग नियमन कायद्याचं सातवं कलम सांगतं की बँकेखेरीज कोणी धंद्याच्या नावात 'बँक' हा शब्द घालू नये. शिवाय २०२२ च्या राज्याच्या दुरुस्तीनुसार दारू मिळते त्या जागेला महापुरुषाचं, थोर स्त्रीचं किंवा गडकिल्ल्याचं नाव चालत नाही. तेव्हा तुमसरकडं बार काढून त्याला अंबागडाचं नाव द्यायचा कोणाचा बेत असेल तर त्यानं तो आवरावा.

या बंद्या पाळल्या की मग रान मोकळं. एकट्याच्या फर्मच्या नावांची देशात कुठंही नोंदवहीच नाही. कंपनी काढायची तर आधी नाव तपासून मंजूर होतं. प्रोप्रायटरला विचारणारं कोणी नाही. एकाच रस्त्यावर चार 'साई ट्रेडर्स' सुखानं नांदू शकतात. आपलं नाव फक्त आपलंच राहावं असं वाटत असेल तर ट्रेडमार्क घ्यायचा. वस्तू आणि सेवांचे तिथं ४५ वर्ग. तांदूळ तिसाव्या वर्गात येतो आणि एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० रुपये पडतात. हा खर्च सुरुवातीला कोणी करत नाही. नाव मोठं झालं की भाऊबंदच ते घेऊन वेगळे होतात. बिकानेरच्या एका आजोबांचं टोपणनाव नागपूर, दिल्ली आणि कोलकात्याच्या शाखांत वाटलं गेलं आणि 'हल्दीराम' कोणाचं यावर न्यायालयांनी वर्षानुवर्षं शेव चाळली.

नाव ठरलं. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत. २०२२ च्या त्याच दुरुस्तीनं छोट्या दुकानांची सवलत गेली. गड्यानं झोकात पाटी रंगवून घेतली. पण खातं रोमन लिपीतच उघडणार. वैनगंगेला 'व्ही' लावायचा की 'डब्ल्यू', 'माँ'ला 'ए' एक की दोन, हे कायमचं ठरवण्याचं ऐतिहासिक काम सेतू केंद्रातल्या ऑपरेटरच्या बोटांवर येऊन पडतं. पुढची वीस वर्षं धनादेश त्या स्पेलिंगबरहुकूम लिहिले जातात.

आणि मग तो बँकेत जातो.

बँकेच्या दारात अद्वैत संपतं. "तुम्ही कोण ते आधारवरून समजलं. पण फर्म कुठं आहे?" फर्म म्हणजे मीच, हे उत्तर न्यायालयात चालतं, काउंटरवर नाही. बचत खातं धंद्याच्या नावानं उघडता येत नाही, रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. म्हणजे करंट अकाउंट. त्यावर दमडीचं व्याज नाही, उलट किमान शिल्लक राखायची. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत यादी दिली आहे: मालकाची ओळख, आणि शिवाय धंदा चालू असल्याचे कोणतेही दोन पुरावे. उद्यम प्रमाणपत्र, गुमास्ता, जीएसटी, धंद्याचं उत्पन्न दाखवणारं आयकर विवरणपत्र, फर्मच्या नावाचं लाइट बिल, अशी ती यादी. दोन मिळणं शक्यच नसेल तर बँकेनं आपल्या अखत्यारीत एकावर भागवून जागेची पडताळणी करावी, असंही त्यात आहे. हे वाक्य वाचलेला अधिकारी नेमका त्या दिवशी रजेवर असतो.

विवरणपत्र नाही, कारण धंदा अजून सुरू व्हायचा आहे. लाइट बिल आहे, पण मीटर घरमालकाच्या कैलासवासी आजोबांच्या नावावर. जीएसटी वस्तूंच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत लागत नाही, पण "घेऊन टाका, बरं असते" असं बँकेतले साहेब सुचवतात. तो घेतला की जीएसटीचा १०अ नियम सांगतो: नोंदणीपासून ३० दिवसांत बँक खात्याचा तपशील द्या.

राहिले दोन कागद. जुन्या १९४८ च्या कायद्यातला गुमास्ता परवाना २०१७ च्या कायद्यानं निकालात काढला. दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नको, ऑनलाइन नुसतं कळवायचं, असं त्यानं ठरवलं. लोक या कळवल्याच्या पावतीलाही गुमास्ताच म्हणतात. दुसरा कागद उद्यमचा. १ जुलै २०२० पासून चालू असलेली ही नोंदणी फुकट आहे, आधारवर होते, आणि सारी माहिती अर्जदारानंच सांगायची असते. म्हणजे गडी एका संकेतस्थळाला सांगतो, 'माझं दुकान आहे'. ते पावती देतं. दुसऱ्याला सांगतो, 'माझं दुकान आहे'. ते क्यूआर कोडसकट प्रमाणपत्र देतं. हे दोन कागद तो बँकेत ठेवतो आणि बँकेचं समाधान होतं. जो माणूस समोर बसून तेच वाक्य तोंडानं म्हणत होता, त्याचंच म्हणणं आता छापून आलेलं असतं.

नावाची इतकी चिकित्सा करणाऱ्या बँकांनी स्वतःच्या नावांचं काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. वैनगंगा गोदावरीच्या खोऱ्यातली, कृष्णा तिच्या आपल्या खोऱ्यातली; नकाशावर या नद्या कुठंच भेटत नाहीत. पण 'वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक' होती. २०१३ मध्ये ती दुसऱ्या एका बँकेत मिसळून 'विदर्भ कोकण ग्रामीण बँक' झाली, म्हणजे मधला सगळा महाराष्ट्र ओलांडून धानाची बांधी समुद्राला जाऊन मिळाली. १ मे २०२५ ला तीही 'महाराष्ट्र ग्रामीण बँके'त गेली. देना, अलाहाबाद, सिंडिकेट, कॉर्पोरेशन ही नावं त्याआधीच पुसली गेली. दर वेळी पासबुक नवं, धनादेश नवे. ग्राहकानं आपल्या नावात एक 'ए' जास्त घातला तर मात्र शपथपत्र.

तेवढ्यात शिक्का आठवतो. रबरी शिक्का कुठल्याही कायद्यानं सक्तीचा केलेला नाही, पण तो नसेल तर काउंटरचा चेहरा पडतो. त्यावर 'माँ चौंडेश्वरी एंटरप्रायझेसकरिता', खाली रेघ, रेघेखाली 'प्रोप्रायटर'. गडी स्वतःच्या वतीनं स्वतःसाठी सही करतो.

हे सगळं टाळून बचत खात्याचाच क्यूआर गल्ल्यावर चिकटवणारेही पुष्कळ. त्यांचीही गोची झाली आहे. ३० जून २०२५ पासून यूपीआयवर पैसे पाठवताना बँकेच्या दप्तरी असलेलंच नाव दिसतं. पाटीवर देवी, मोबाइलवर भलताच मेश्राम किंवा बावनकुळे. गिऱ्हाईक बिचकतं: "हा कोन हाय जी? पैसे दुसऱ्याच्याच खात्यात तं नाई गेले?" त्याच वर्षी जुलैत कर्नाटकात वाणिज्य कर विभागानं यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या, आणि कित्येक दुकानांतून क्यूआर उतरून 'फक्त रोख'च्या पाट्या लागल्या. भंडाऱ्यातही ती बातमी चहाबरोबर बरेच दिवस चघळली गेली.

आयकर खातं मात्र पुन्हा पक्कं अद्वैती. त्याला फर्म दिसतच नाही. पॅन माणसाचा, उत्पन्न माणसाचं, कर माणसावर. जीएसटीच्या पंधरा आकडी क्रमांकाच्या पोटातही मालकाचाच पॅन बसलेला. दुकान बुडालं तर कर्ज घरादारावर येतं, तेव्हा फर्म वेगळी कुठं होती, असं विचारायची सोय नसते. व्यवसाय कराचे वर्षाचे २,५०० रुपये तर धंदा चालो न चालो.

या साऱ्याचा सगळ्यात काटेकोर निकाल मालक गेल्यावर लागतो. माणूस गेला की फर्मही गेली. पाटी भिंतीवर असते, पोती थप्पीला असतात, उधारीची वहीसुद्धा असते, पण उद्यम त्याच्या आधारावर, जीएसटी त्याच्या पॅनवर, खातं त्याच्या सहीवर. मुलानं जीएसटीची नवी नोंदणी करायची, जुनं क्रेडिट आयटीसी-०२ अर्जानं ओढून आणायचं, खात्यातली शिल्लक वारसाहक्कानं मागायची. बाजारपेठेत जागोजागी 'न्यू' लावलेल्या जुनाट दुकानांमागं बहुधा हेच असतं. बापाचं नाव सोडवत नाही, म्हणून मुलगा आधी 'न्यू' जोडतो, मुंडण केलेल्या डोक्यानं बँकेत जातो आणि चाळीस वर्षं चाललेल्या दुकानासाठी करंट अकाउंट मागतो. साहेब फॉर्म पुढं सरकवतात: "फर्म नवीन हाय ना? मग धंदा चालू असल्याचे दोन पुरावे जोडा."