बंगला नसलेल्यांसाठी: विजेची गाडी घरी चार्ज करण्याची प्राथमिक पुस्तिका

विजेच्या गाडीच्या जाहिरातीत एक बंगला असतो. पुढे हिरवळ, बाजूला गॅरेज, गॅरेजच्या भिंतीवर चिमुकला चार्जर आणि हातात वायर धरून विनाकारण हसणारं कुटुंब. कंपनी गाडीबरोबर भिंतीवर लावायचा चार्जर देते. भिंत ज्याची त्याने आणायची. ही पुस्तिका पुण्यातल्या अशा नवशिक्यांसाठी आहे ज्यांच्याकडे भिंतच नाही, किंवा आहे ती अख्ख्या सोसायटीच्या मालकीची आहे.

पायरी पहिली: गणित करा. पंधरा अँपियरच्या साध्या पॉइंटवरून गाडी तासाला साधारण ३ युनिट वीज घेते. ३० युनिटची बॅटरी रिकामी असेल तर रात्र जाते, आणि सगळे घाबरतात ते या आकड्याला. पण रोज बॅटरी रिकामी करतो कोण? एका युनिटमध्ये गाडी ६-७ किलोमीटर जाते. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन यायला सहा युनिटं पुरे, म्हणजे दोन तास. हिंजवडीच्या चौकात तेवढाच वेळ जातो, पण तिथे प्लग नाही.

पायरी दुसरी: गाडी रात्री कुठे झोपते ते पाहा. पेठेतल्या वाड्यात राहत असाल आणि गाडी रस्त्यावर लावत असाल, तर पहिला विचार मनात येतो तो खिडकीतून वायर खाली सोडण्याचा. त्यासाठी लागणारं साहित्य: लांब वायर, दिवाणखान्यातला पॉइंट, खालच्या मजल्यावरच्यांशी उत्तम संबंध आणि एक दिनदर्शिका. दिनदर्शिका अशासाठी की रस्त्यावर पी-१, पी-२ च्या पाट्या आहेत. विषम तारखेला गाडी तुमच्या खिडकीखाली, सम तारखेला पलीकडे. म्हणजे चार्जिंग एक दिवसाआड. अपवाद महिनाअखेरीचा: ३१ तारखेनंतर १ तारीख येते, दोन्ही विषम, त्यामुळे गाडी सलग दोन दिवस जागची हलवावी लागत नाही. अशा पर्वण्या वर्षात सात. लीप वर्षात २९ फेब्रुवारी धरून आठ. बाकीच्या दिवशी बाजू चुकली तर टोइंगवाले गाडी नेतात, आणि वायर खिडकीत लोंबकळत राहते.

ही पद्धत समजावून सांगितली ती फक्त करू नये म्हणून. फूटपाथवरून, पावसात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात तीन किलोवॉटची वायर सोडणं हा चार्जिंगचा नव्हे, पोलीस चौकीचा विषय आहे. एक्स्टेंशन बोर्ड तर विसराच. तो मोबाइलसाठी जन्माला आलेला असतो. तासन् तास तेरा-चौदा अँपियर ओढले की आधी तापतो, मग वितळतो. वायरची गुंडाळी तशीच ठेवली तर आणखी लवकर.

पायरी तिसरी: तिसरं भोक तपासा. जुन्या इमारतींत प्लगचं वरचं मोठं भोक बऱ्याचदा शोभेचं असतं. मागे अर्थिंगची तारच नसते. फ्रिज काही बोलत नाही, मिक्सर बोलत नाही. गाडी बोलते. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून संपावर जातो. अशा वेळी कोणी तरी वायरमन येऊन म्हणतो, "काही नाही साहेब, प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, हिरवा दिवा लागेल." लागतो. पण पुढे कधी मागची न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यातच वीज उतरते, आणि पत्र्याला पहिला हात लावणारा बहुधा घरातलाच असतो. इथे पुस्तिका विनोद थांबवून सांगते: त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. लायसन्स असलेल्या कंत्राटदाराकडून खरं अर्थिंग, जाड केबल, एमसीबी आणि गळती ओळखणारा आरसीसीबी बसवून घ्या.

पायरी चौथी: सोसायटी. सरकारची अडचण नाही. घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांची मुभा आहे. 2024 च्या दुरुस्तीनंतर वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम तर म्हणतात की गाडीसाठी वेगळी जोडणीही मागता येते. वेगळा मीटर घेतलेला बरा, नाहीतर गाडीची युनिटं घरच्या बिलात मिसळून तुम्हाला वरच्या स्लॅबमध्ये नेऊन बसवतात. घरच्याच मीटरवरून घेणार असाल तर बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते आधी वाचा. नवीन जोडणीसाठी महानगरात वीज कंपनीला ३ दिवसांची मुदत आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना त्या नियमांत कसलीच मुदत नाही.

सोसायटीची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, समितीलाही देता येते, पण समिती विषय वार्षिक सभेकडे ढकलते. सभेत तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहतील. "उद्या सगळ्यांनी गाड्या लावल्या तर ट्रान्सफॉर्मर उडेल, त्याचं काय?" त्यांना उद्धट उत्तर देऊ नका. त्यांच्या बाथरूममधला इन्स्टंट गिझरही तीन किलोवॉटचाच आहे, हे हळूच सांगा. पण काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे हेही मान्य करा: गिझर दहा मिनिटं चालतो, गाडी कित्येक तास, आणि वीस गाड्या एकदम लागल्या तर इमारतीचा भार खरंच वाढवावा लागेल. म्हणून अर्ज एकट्याचा नको. मीटर रूमपासून सगळ्या पार्किंगपर्यंत केबलचा एकच मार्ग, प्रत्येकाचा आपापला मीटर, असा प्रस्ताव न्या. कॉमन मीटरवरून वीज घेण्याची सूचना कोणी मांडली तर ठाम विरोध करा. जिन्यातला दिवा कोणी चालू ठेवला यावर जिथे फलक लागतो, तिथे गाडीच्या युनिटांची वाटणी शांततेत होणार नाही.

आणि सभेत "माझ्या मालकीचं पार्किंग" हे शब्द उच्चारू नका. मोकळं किंवा स्टिल्टखालचं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दिला आहे, आणि प्रत्येक सोसायटीत तो पाठ असलेला एक सभासद असतो. "मला दिलेली जागा" म्हणा.

पायरी पाचवी, यांत्रिक स्टॅक पार्किंगवाल्यांसाठी: वायर जोडलेली गाडी वर नेऊ नका.

यातलं काहीच जमणार नसेल, तर ऑफिसात किंवा मॉलमध्ये चार्जिंग आहे का बघा. तेही नसेल आणि गाडी रस्त्यावरच झोपणार असेल, तर सध्या चारचाकीचा नाद सोडा आणि बॅटरी काढून घरात नेता येईल अशी स्कूटर घ्या.

बाकीच्यांनी एवढं करावं: वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिची नोटीस १४ दिवस आधी निघते, आणि विषयपत्रिकेत नसलेला विषय चेअरमन घेत नाहीत. गाडी दसऱ्याला दारात हवी असेल तर अर्ज गणपतीच्या आधी द्या आणि पोच घ्या.