अनुभवी फ्रेशर

कर्वेनगरच्या आमच्या मेसमध्ये त्याला सगळे 'फुलस्टॅक' म्हणतात. मूळचा औशाचा, डिग्री मेकॅनिकलची. लेथ मशीनशी काही जमेना म्हणून पुण्यात येऊन जावाच्या क्लासला बसला. क्लासच्या बोर्डावर 'शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स' होतं. त्यातलं 'असिस्टन्स' बारीक अक्षरात होतं आणि फी भरताना चष्मा रूमवर राहिला होता, असं तो सांगतो. त्याला चष्मा नाही.

नोकरी नसली तरी नोकरी शोधण्याची ड्यूटी तो कधी चुकवत नाही. सकाळी आंघोळीआधी नोकरी डॉट कॉमवरच्या प्रोफाइलमधला एक पूर्णविराम काढून सेव्ह करतो. दुसऱ्या दिवशी तोच परत घालतो. प्रोफाइल ताजं दिसलं की एचआरच्या यादीत वर चढतं, अशी या जमातीची श्रद्धा आहे. मग लिंक्डइन, तिथं फोटोभोवती 'ओपन टू वर्क'चं हिरवं कडं. दुपारी लीटकोड. लिंक्ड लिस्ट तो आता डोळे मिटून उलटी करतो. गादी मात्र आल्यापासून एकदाही उलटलेली नाही.

शनिवारी वॉक-इन. ओरिजिनल सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून हिंजवडीची बस, आणि कंपनीच्या गेटबाहेर वळसा घेऊन गेलेली रांग. जागा फ्रेशरची, पाहिजे अनुभव एक ते दोन वर्षं. एचआरची मॅडम फोनवर विचारते, "नोटिस पीरियड?" हा एकच पेपर त्याला पैकीच्या पैकी जातो. "इमिजिएट जॉइनर, मॅडम!"

एका कन्सल्टन्सीवाल्यानं दोन वर्षांचं अनुभवपत्र विकत देऊ केलं होतं. यानं नाकारलं. "खोट्या मॅनेजरचं नाव, खोट्या प्रोजेक्टचं आर्किटेक्चर, सगळं पाठ करायचं. तेवढ्यात स्प्रिंग बूट होतं की राव."

निराश झालेल्या ज्युनिअरांना तो एक गोष्ट ऐकवतो, आणि ती खरी आहे. 2020 साली एका जाहिरातीत फास्टएपीआयचा चार वर्षांहून जास्त अनुभव मागितला होता. फास्टएपीआय ज्यानं बनवलं त्या सेबास्तियान रामिरेझनं ट्विटरवर लिहिलं, की मला अर्ज करता येत नाही, मी ते बनवूनच दीड वर्ष झालंय. ही गोष्ट सांगताना फुलस्टॅकच्या चेहऱ्यावर असं समाधान असतं, की जणू रामिरेझ त्याचा कॉटशेजारी.

रेझ्युमेवर त्याचे तीन प्रोजेक्ट आहेत: टू-डू लिस्ट, वेदर ॲप, नेटफ्लिक्स क्लोन. हे तिन्ही पुण्यातल्या हरेक फ्रेशरच्या रेझ्युमेवर असतात. नसतो तो चौथा.

मेसच्या काकूंचा खाड्यांवरून महिनाअखेरीला रोज कुणाशी तरी वाद व्हायचा. यानं एका रात्रीत त्यांच्या मोबाइलवर हजेरी बनवून दिली: नावावर बोट ठेवलं की जेवण लागलं, महिनाअखेर खाडे वजा होऊन हिशोब व्हॉट्सॲपवर. पहिल्याच महिन्यात काकू लाटणं घेऊन बाहेर आल्या. "अरे, रविवारी रात्री मेस बंद असते, त्याचेपण खाडे धरलेस! मी काय देशोधडीला लागू?" फुलस्टॅकनं उजव्या हातानं आमटी-भात खात डाव्या हातानं ते दुरुस्त केलं. पुढच्या महिन्यात पाहुण्यांची ताटं आली, मग फक्त डबावाले, मग गावी जाणाऱ्यांची आगाऊ सुट्टी. काकू रोज काहीतरी वाढवून मागतात, कालचं आज बदलतात आणि पैसे देत नाहीत. आयटीतल्या माझ्या मेव्हण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, क्लायंट ओळखीचा वाटतोय.

"हे रेझ्युमेत का टाकत नाहीस?" मी विचारलं.

"छे! ते काय प्रोजेक्ट आहे? मेसचं आहे ते."

परवा काकूंची वारज्याची बहीण आली. तिचीही मेस आहे, तीनशे ताटांची. तिनं सरळ विचारलं, "मला पण असंच करून दे. किती घेशील?"

फुलस्टॅक संकोचून उठला, हात धुऊन आला. "मावशी, एखाद्या एक्सपीरियन्सवाल्याला विचारा ना. मी फ्रेशर आहे."